तीन बाटल्या

"एवढ्याशा बाटलीपायी आता परत अर्धा दिवस मोडा!" मशीनमनकाका रिपोर्टचा कागद डोळ्यांपासून लांब धरून पुटपुटले. "म्हणे लघवीत रक्त आढळले. मला काय डोळे नाहीत? दिसलं नसतं?"

"माझ्याही कागदावर तेच आहे," बाइंडर म्हणाला.

"आणि माझ्याही," म्हणत पैलवान हसला. तो आत्ताच गोदामातून आला होता, खांद्यावर कागदाचं रीम तसंच होतं.

मशीन बंद होतं. दवाखान्यातल्या सिस्टर स्वतः छापखान्यात रिपोर्ट घेऊन आल्या होत्या, आणि जायचं नाव घेत नव्हत्या.

"तिघांचे आकडे अगदी दशांशापर्यंत सारखे," त्या म्हणाल्या. "तेहतीस वर्षं या कामात आहे. जुळ्यांचेसुद्धा असे येत नाहीत. बाटल्या कोणी भरल्या?"

काका रोलरकडे बघायला लागले. बाइंडरने सुईत दोरा ओवायला घेतला, तो ओवलेलाच होता.

मालकांनी आठवड्यापूर्वी तिघांना तपासणीला पाठवलं, तेव्हा बाइंडर संडासाच्या दाराशी अडून बसला होता. बाहेर कुणी उभं असलं की त्याची होत नाही. काकांनी कारणबिरण सांगितलं नाही, नुसती बाटली पुढे केली. पन्नाशीनंतर शोधायला गेलं की काहीतरी सापडतंच, हे त्यांचं मत. "आणा इकडे, आपली टाकी फुल आहे," म्हणत पैलवान तिन्ही बाटल्या घेऊन आत गेला होता. पस्तिशीचा गडी, दोन-दोन रिमं एका खांद्यावर नेणारा. त्याचं काय निघणार? येताना तिघंही रस्ताभर हसत आले होते.

"ज्याची आहे त्याला उद्याच्या उद्या मोठ्या दवाखान्यात न्यायचंय," सिस्टर म्हणाल्या. "म्हणून विचारतेय. रागवायला नाही आले."

"माझीच," पैलवान म्हणाला. "तिन्ही." एक हात रिमावर होता, म्हणून त्याने दुसऱ्या हाताचं बोट वर केलं, शाळेतल्यासारखं.

सिस्टरांनी पिशवीतून दोन नव्या बाटल्या काढल्या. एक बाइंडरच्या टेबलावर ठेवली, एक मशीनच्या पायरीवर, काकांच्या पुढ्यात.

"आपली आपली भरायची. हवं तर मी रस्त्याच्या टोकाला जाऊन उभी राहते."

कुणी हसलं नाही. बाइंडरने बाटली उचलून खिशात घातली.

"आणि तुला कधी लाल झाली होती?" त्यांनी पैलवानाला विचारलं.

"या पंधरवड्यात दोनदा. तीनदा असेल. पण दुखलं-खुपलं काही नाही हां, सिस्टर."

"मग दाखवलं का नाहीस?"

"त्यात काय दाखवायचं? शाई असेल म्हटलं." त्याने मोकळा हात पुढे केला. "संध्याकाळी रोलर मीच पुसतो ना. धुतलं तरी नखांत राहतेच. तिथे जरा हात लागला की पाणी रंगणारच." मग तो काकांकडे वळला. "सांगा की काका. शाईच ना?"

छापखान्यात शाई काका काढत. कुठला डबा कधी फोडला, कुठल्यात किती उरली, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. त्यांनी मशीनवरचं फडकं घेतलं आणि एकेक बोट पुसायला सुरुवात केली. फडकं काळं होतं. बोटं काळीच राहिली.

पैलवान वाट बघत होता, अजून हसराच. खांद्यावरचं रीम खाली ठेव, असं त्याला कुणी म्हणालं नाही.

"काका?"

काकांनी पाचही बोटं पुसून संपवली. फडक्याची घडी घातली.

"पैलवान," ते म्हणाले, "लाल शाईचा डबा आपण तीन महिने उघडलेला नाही."