आप्पांचा ग्रॅनाइट

शेवटच्या दिवशीही आप्पा चहा बशीत ओतून लेकीला, उत्तराला चिडवत होते, "तू बेसाल्ट गं! झटकन तापतेस, झटकन निवतेस. ग्रॅनाइट बघ, निवायला लाखो वर्षं घेतो, म्हणून त्याचे स्फटिक टपोरे."

आठवड्याने तिने त्यांच्या अस्थी देगलूरच्या विवरात सोडल्या. हल्ली सगळेच सोडत. दहा कोस खाली, वितळलेल्या खडकात, हाडांतला फॉस्फरस सावकाश गुलाबी ग्रॅनाइटचा भाग होणार होता.

"ताई, झाकण लावू?" तिथल्या बाईंनी विचारलं. "मग खाली काही ऐकू जायचं नाही."

उत्तरा काठाशी वाकली. खालून झोपलेल्या गाईच्या अंगासारखी ऊब येत होती.

"आप्पा, आई गेली त्या संध्याकाळी तुमचा फोन आलाच नाही, असं मी म्हणाले होते. आला होता. तुम्ही काय सांगाल या भीतीने मी उचलला नाही."