छत्तीस गुणांचं स्थळ

मुलाची मूल्यपत्रिका दिगंबरराव चष्मा सावरून मोठ्यांदा वाचत होते. लोकशाही, जात, बायकांचं स्थान, सगळ्यांत त्याची मतं त्यांच्या मुक्तासारखीच. छत्तीसच्या छत्तीस गुण. डोक्याला टोपी लावून थेट मेंदूतून काढलेली पत्रिका, तेव्हा खोटं बोलायची सोयच नव्हती. लातुरात लग्नं हल्ली हिच्यावरच ठरत.

"आता फक्त तारीख काढा," मुलाचे काका पोह्यांची बशी खाली ठेवत म्हणाले.

मुक्ताने मुलाशी एकटीने बोलायला पाच मिनिटं मागून घेतली. गच्चीत आल्याबरोबर तिने सत्यशीलला विचारलं, "कोणता क्लास?"

तो चपापला. "स्टेशन रोडचा. तुझा?"

"तोच. टोपी फसत नाही, म्हणून तिथले सर मतंच घोटून घ्यायचे, मनापासून पटेपर्यंत."

"निकाल शंभर टक्के होता पण," तो अभिमानाने म्हणाला.

"म्हणूनच आधीची चार स्थळंही छत्तीस गुणांची होती. चौघांनाही मी नाही म्हटलं. अभ्यासक्रमात नसलेलं एखादं मत आहे का तुझं? उसाला धरणाचं पाणी द्यावं का?"

सत्यशीलने जिन्याकडे बघून घेतलं. "द्यावं. आमचा सहा एकर आहे."

"साफ चूक! इथे नळाला दहा दिवसांनी पाणी येतं आणि तुम्ही ऊस भिजवा!"

"आणि चहात साखर कुठली घालता तुम्ही?"

पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. शेवटी दिगंबररावांनी खालून घाबरून हाक मारली, "मुक्ते, भांडताय की काय?"

"हो बाबा," ती वरून ओरडली, "तारीख काढा."