दोघींचं बोलणं

"हे बघ, तुज्यासमोरच पुसून राहिलो ना! आता तरी झालं का समाधान?" आदिनाथनं मोबाईल टेबलाच्या मधोमध ठेवला.

अहमदपूरच्या कोर्टातली ही मध्यस्थीची खोली. शिवकन्या आपल्या वकील ऋतुजाताईंना खेटून बसली होती. या नवरोबानं गुपचूप तिच्या फोनमध्ये काहीतरी बसवलं होतं, आणि तिचा एकूण एक कॉल त्याच्या मोबाईलमध्ये जमा होत होता. आता लेक आईपाशी मन मोकळं करतेय, तिथंही कान लावायचा म्हणजे हद्दच झाली की! बरं, तेवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण भावकीच्या बैठकीत त्यानं त्यातलं एक रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवलं. सासूच्या जाचापायी ती आईपाशी रडली होती, तेच नेमकं. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं तिला. मग तिनंही पदर खोचला आणि सरळ दिवाणी दावा लावला. झाल्या बेअब्रूची भरपाई द्या, आणि ते सगळं पुसून टाका.

आज आदिनाथनं दोन्ही कबूल केलं होतं. "चुकलं माझं," असंही खालमानेनं म्हणाला होता. म्हणजे शिवकन्या जिंकलीच होती.

त्यानं यादी उघडली. तिनं वाकून पाहिलं. आई. आई. मध्येच धाकटी बहीण सिंधु. पुन्हा आई. सगळं एकदम पुसायला त्याचा अंगठा खाली आला, तसा तिनं हात आडवा घातला.

"थांबा!"

"अहो शिवकन्याताई, हीच तर आपली मागणी आहे," ऋतुजाताई हळूच म्हणाल्या.

"हाव. पण आई माघात गेली ना, ताई." "तिच्यापाशी साधा बटणाचा फोन. तिचे फोटू हायेत, आवाज कुठंच न्हाई. असंल तर ह्याच्यातच हाय."

मध्यस्थ साहेब आदिनाथकडे वळून म्हणाले, "मग असं करू. आधी हे सगळं यांच्या ताब्यात द्यायचं, आणि नंतर तुमच्याकडचं पुसायचं. तसंच लिहू."

आदिनाथनं मान हलवली. "सगळ्यात खालचा त्यांचा शेवटचा कॉल हाय," तो पुटपुटला आणि त्यानं बोट दाबलं.

"शिवू? ठेव आता, माय. बिल उठंल." बोलायला आता पैसे पडत नाहीत, हे लेकीनं कितीदा समजावलं तरी म्हातारीचं आपलं तेच. आणि ठेव ठेव म्हणत पुन्हा तीच सुरू व्हायची. "आन आईक, काल काय झालं..."

शिवकन्यानं झडप घालून आवाज बंद केला. मोबाईल उचलून छातीशी धरला. डोळे भरून वाहत होते, पण बोलली ती ठणकावून.

"समद्यांनी भायेर व्हा. हे आमा मायलेकीचं बोलणं हाय."

साहेब उठले. दोन्हीकडचे वकील उठले. आदिनाथ तेवढा उंबऱ्यात घुटमळला.

"दार लावून घ्या," ती म्हणाली.