चकतीवरचं अक्षर

धम्मदीनाने शिरस्त्राणाच्या कपाळावरची सोनेरी चकती उपसून काढली, उलटी फिरवली आणि परत बसवली. धैर्यशीलरावांच्या हातातला कॉफीचा कप तोंडापाशीच थांबला.

"हे काय केलंत मॅडम?"

"सरळ केलं," ती म्हणाली.

आता आली का पंचाईत! पेनरोजमधल्या तिच्या वर्कशॉपच्या दारात व्हॅन उभी होती. हे सामुराईचं जुनं चिलखत दुपारी 'ते रापा' नावाच्या ठिकाणी, धैर्यशीलरावांच्या नव्या डेपोच्या ओपनिंगला जायचं होतं. आणि चकतीवरची ती खूण, आधी होती तश्शीच, त्यांच्या दुधाच्या प्रत्येक टँकरवर पुरुषभर उंचीची रंगवलेली होती. कोल्हापूरहून शिकायला आलेल्या या माणसाने इथे परदेशात आधी एक ट्रक घेतला, मग टँकर घेतले आणि मग लिलावात हे चिलखत घेतलं. हौस म्हणजे हौस.

चिलखत होतंही तसंच देखणं. बोटाच्या पेराएवढ्या लोखंडी आणि चामडी पट्ट्या, प्रत्येकीवर काळ्या रोगणाचे थर, आणि एकीवर एक चढवून सगळ्या निळ्या रेशमी गोफाने ओवलेल्या. गोफ जिथे तुटले होते तिथेच धम्मदीनाने नवे घातले, बाकीच्यांना हात लावला नाही. ओवण फार घट्ट चालत नाही आणि सैल तर नाहीच. माणूस वाकला की चिलखतही वाकलं पाहिजे, आणि वार आला की तो सगळ्या पट्ट्यांनी वाटून घेतला पाहिजे. हे काम ती जपानमध्ये शिकली होती आणि खोटा विनय तिला माहीत नव्हता. धैर्यशीलराव आल्या आल्या इथल्या लोकांसारखं "स्वीट अ‍ॅज", म्हणजे झकास, म्हणाले, तेव्हा तिनेही छानच झालंय म्हणून सांगितलं.

त्यांनी फोन काढून टँकरचा फोटो तिच्यापुढे धरला. ही बघा तलवार, आणि हा टोकाला रक्ताचा थेंब. दुधाच्या टँकरवर रक्त कशाला, असं तिच्या तोंडून निघून गेलं. लोकांना तो दुधाचा थेंब वाटतो, असं त्यांनी ठसक्यात सांगितलं. व्यवहाराला माणूस पक्का.

मग तिने समजावलं. ही तलवार नाही, अक्षर आहे. आपल्याकडच्या जुन्या लिपीतलं, भिक्खूंबरोबर चीनमार्गे जपानला गेलेलं. तिथले योद्धे रक्षण करणाऱ्या देवतेचं बीजाक्षर म्हणून ते कपाळावर मिरवत.

"तुम्ही थेंब म्हणताय तो अनुस्वार आहे सर. अनुस्वार डोक्यावर असतो, पायाखाली नाही."

धैर्यशीलराव तापले. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये फोटो असाच होता, ती माणसं काय अडाणी होती? अडाणी नसतील, ती म्हणाली, पण त्यांना टिंब खाली बघायची सवय. त्यांच्या इंग्रजीत वाक्य संपलं की खाली टिंब, उद्गार काढला तरी खाली टिंब. तिने चकती काढून पालथी केली आणि मागची बारकी नळी दाखवली. नळीचं एक तोंड शिरस्त्राणाच्या खुंटीवर वर्षानुवर्षं चढून-उतरून गुळगुळीत झालं होतं, दुसऱ्याची कड अजून बोचत होती. गुळगुळीत तोंड खाली, खुंटीकडे धरलं की टिंब वर येत होतं. तिने त्यांना बोट फिरवून बघायला सांगितलं. त्यांनी फिरवलं आणि नको तेच त्यांना कळलं.

आजच्या दिवस राहू दे तशीच, ते म्हणाले. आवाज एकदम मऊ. घरी अजून दोन चिलखतं पडली आहेत, ती तुमच्याकडेच द्यायचं मनात आहे. नाहीतर सिडनीलाही एकजण हे काम करतो म्हणे. म्हणजे धमकीच की ही. धम्मदीनाला ती चिलखतं हवी होती, अगदी मनापासून हवी होती. वर्कशॉप पुढे चालणार होतं ते त्यांच्याच जिवावर. पण खरी बाजू माहीत असताना उलटी बसवायची आणि वर आपलं काम म्हणून दाखवायची, हे तिच्याच्याने होणार नव्हतं.

तिने चकती त्यांच्या हातात दिली.

"उलटी तुम्ही बसवा. माल तुमचा आहे. फक्त तिथे कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नका."

असं धैर्यशीलरावांशी हल्ली कुणी बोलत नसे. ते चकती घेऊन चिलखतासमोर जाऊन उभे राहिले. अशी धरून बघितली, तशी धरून बघितली.

"अक्षर कुठलं म्हणालात?"

"हां."

"हां काय? अक्षर कुठलं ते विचारतोय."

"तेच सांगतेय. ह ला काना, वर अनुस्वार. हां."

त्यांनी स्वतःशीच पुटपुटल्यासारखं ते अक्षर म्हणून बघितलं.

"म्हणजे आपलं हां?"

"आपलंच."

त्यांनी टिंब वर करून चकती खुंटीवर चढवली आणि अंगठ्याने दाबून घट्ट केली. मग तिथेच उभ्या उभ्या डेपोच्या मॅनेजरला, शंतनूला फोन लावला.

"शंतनू, आपले सगळे टँकर उलटे आहेत."

पलीकडून शंतनू इतक्या जोरात ओरडला की धम्मदीनालाही ऐकू आलं.

"अरे बाबा, कुणाला काही लागलेलं नाही. टँकरवरचं अक्षर उलटं आहे. पेंटरला बोलाव आणि सगळी सरळ करून घे. आणि टिंब वर, हां."