उद्याच्या संध्याकाळचा फोटो

बेटावर दिवसभराची खासगी सहल ठरवताना एका यंत्रावर प्रवाशांचा उद्याच्या संध्याकाळचा फोटो आजच दाखवत. यंत्र कधीच चुकलं नव्हतं, त्यामुळे तक्रारवही बंद केली होती.

उज्ज्वला वैशंपायन पडद्यापुढे घामाघूम झाल्या होत्या. धबधब्याच्या सहलीत त्या एकट्याच हसत उभ्या होत्या. प्रवाळांच्या सहलीतही एकट्याच, तोंड उतरलेलं.

"अहो, तुम्ही कुठेच नाही!"

"अगं, फोटो कोण काढतंय? तीस वर्षं मीच काढतोय ना?" श्रीरंगराव म्हणाले.

उज्ज्वलाताईंच्या जिवात जीव आला.

"सर, फोटो आमचा ड्रायव्हर काढतो," काउंटरवरचा माणूस अदबीने म्हणाला. "पॅकेजमध्येच आहे."

"मग आम्ही हॉटेलच्या खोलीतच बसतो!" उज्ज्वलाताई म्हणाल्या.

त्याने खोलीचाही फोटो दाखवला. गॅलरीत उज्ज्वलाताई, रडून डोळे सुजलेले. शेजारची खुर्ची रिकामी.

श्रीरंगराव पडद्याजवळ वाकले.

"धबधबाच घेऊ. त्यात निदान तू हसते आहेस. म्हणजे तोवर तुला कळलेलं नसेल."

आणि काउंटरकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "जेवण फोटोच्या आधी असतं ना?"