गार होईपर्यंत

"वर्षभर हात लावलेला नाही, ताई," बोटीचं जुनं इंजिन दाखवत विकणारा म्हणाला. मी झाकणावर तळवा ठेवला. शेडमध्ये ऊन नव्हतं, तरी कोमट लागलं. त्याने दोरी ओढली; पहिल्याच झटक्यात सुरू झालं. नवरा खूश झाला. "बंद करा," मी म्हणाले. "गार झाल्यावर पुन्हा सुरू करा." "इंजिन आहे हे, ताई, दूध नाही!" तो हसला. नवरा कुजबुजला, "अगं, किती संशय घेशील!" "आपला मुलगा एकटा समुद्रात जातो," मी मोठ्यानेच म्हणाले. "जाळं टाकताना इंजिन बंद करतो. गार होऊन सुरूच झालं नाही, तर कोणाला हाक मारणार?" विकणाऱ्याने इंजिन बंद केलं. आम्ही क्रेटवर बसून राहिलो. झाकण गार लागल्यावर नवऱ्याने दोरी धरली. विकणाऱ्याने त्याचं मनगट पकडलं. "राहू द्या, दादा. पोराला हे देऊ नका."