पहिली टेप

"ती पहिली नको लावू," रॉय कोच म्हणाले. "तिच्यात बॉलच दिसत नाही."

तोवर प्रतापने ती लावलीसुद्धा होती.

शनिवारची सकाळ. टोकियोतल्या कोतो भागातल्या ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये टीमची पोरं भिंतीकडे तोंड करून बसली होती. आठवडाभर टाय लावून सेल्स नाहीतर अकाउंट्समध्ये बसणारी आणि सुट्टीच्या दिवशी कंपनीच्या नावाने अमेरिकन फुटबॉल खेळणारी पोरं. उद्याची मॅच हरली तर टीमच बंद होणार होती. कोचनी अमेरिकेहून आणलेल्या, त्यांच्या खेळायच्या दिवसांतल्या खोकाभर टेप आयटीतल्या प्रतापने कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या होत्या. हे काही त्याचं काम नव्हतं. पण त्या अवाढव्य माणसाने खोकं पोटाशी धरून त्याच्या टेबलापाशी इतक्या चकरा मारल्या, की त्याला नाही म्हणवेना.

"कोणी काढल्यात?" त्याने तेव्हा विचारलं होतं.

"माझ्या बायकोनं. नॉर्मानं. गेल्या हिवाळ्यात गेली ती." कोचनी खोकं टेबलावर ठेवलं. "पहिल्या मॅचला तिला कॅमेरा धरता येत नव्हता. पुढे शिकली."

आता भिंतीवर पंचविशीतले रॉय दिसत होते. ते लाइनमन. म्हणजे स्वतः बॉलला हात न लावता, बॉल फेकणाऱ्याच्या पुढे उभं राहून अंगावर येणाऱ्याला अडवून धरणारे. बॉल चित्राबाहेर निघून जायचा, लोकांचा आरडाओरडा ऐकू यायचा, आणि कॅमेरा आपला रॉयवरच. ते पडताना, उठताना, गुडघ्यावरचं गवत झटकताना.

"बघ, सांगितलं ना? बदल ती."

प्रतापने माउसला हात लावला, तेवढ्यात कप्तान इशिदा उठून भिंतीपाशी गेला. तोही लाइनमनच.

"प्रताप-सान, जरा मागे घ्या."

प्रतापने मागे घेतलं. इशिदाने भिंतीवर बोट टेकवलं.

"कोच, तुमचा डावा पाय आधी मागे जातो. आणि उजवा तुम्ही उचलतच नाही, नुसता ओढता. आल्यापासून तुम्ही आम्हाला हेच सांगताय ना? पण कुठल्याच फिल्ममध्ये ते दिसत नाही. सगळे कॅमेरे बॉलच्या मागे पळतात. आज पहिल्यांदा कळलं."

आणखी दोघेतिघे पुढे सरकले. एकाने तिथेच खुर्च्यांच्या मधे पाय मागे घेऊन पाहिला आणि खुर्चीसकट आडवा झाला.

"याला उद्या खुर्च्याच अडवायला ठेवू," इशिदा म्हणाला. सगळे हसले.

कोच हसले नाहीत. ते भिंतीच्या अगदी जवळ येऊन उभे होते.

टेप चालूच होती. तरुण रॉय बाकावर येऊन बसले, हेल्मेट काढलं, पाणी प्यायले. मग त्यांचं लक्ष वर प्रेक्षकांकडे गेलं. कॅमेरा आपल्यावरच आहे, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी मैदानाकडे हात केला. तिकडे. कॅमेरा हलला नाही. त्यांनी पुन्हा हात केला, या वेळी चिडून.

"बरं," एक बाई म्हणाली. आवाज एकदम जवळून आला, खोलीतच कोणी बोलावं तसा.

मग चित्र बाजूला सरकलं. थोडं चाचपडलं, दूरवर बॉल सापडला आणि त्याच्यावर जाऊन स्थिर झालं. बाक पुन्हा दिसला नाही.

"कोच, हीच बेस्ट आहे," इशिदा म्हणाला. "अशा अजून आहेत?"

कोचनी खोक्याकडे पाहिलं.

"टेप पुष्कळ आहेत," ते म्हणाले. "सगळ्यांत बॉल आहे."